६,१८,००० रुपये उत्पन्नाचे कुटुंब नेमके कोणत्या गटात बसते?

या प्रकरणातील कुटुंब काल्पनिक आहे. त्याच्या पगाराचे, कमाईचे आणि घराच्या किमतीचे आकडे गणित स्पष्ट व्हावे म्हणून धरलेले आहेत. उत्पन्नमर्यादा, कुटुंबाच्या व्याख्या आणि आयकराच्या तरतुदी मात्र प्रत्यक्षातल्या आहेत. काळ २०२४ सालचा धरला आहे, म्हणजे १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४ या आर्थिक वर्षाचे उत्पन्न विचारात घेतले जाईल अशा म्हाडाच्या घरांच्या सोडतीचा.

मुंबईत भाड्याच्या खोलीत राहणारे हे घर सहा माणसांचे आहे: नवरा, बायको, दोन शाळकरी मुले, नवऱ्याची आई आणि त्याचा अविवाहित धाकटा भाऊ. नवरा एका खासगी कारखान्यात नोकरीला असून त्याचा ढोबळ पगार महिन्याला ३६,००० रुपये, म्हणजे वर्षाला ४,३२,००० रुपये आहे. बायको घरी बसून ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते आणि खर्च वजा जाता महिन्याला सरासरी ११,५०० रुपये, म्हणजे वर्षाला १,३८,००० रुपये मिळवते. आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. भाऊ कुरिअर पोहोचवण्याचे काम करतो आणि घरखर्चाला काही रक्कम देतो. त्या आर्थिक वर्षात एक गोष्ट नेहमीपेक्षा वेगळी घडली. कारखान्यातला वेतनकरार मागील तारखेपासून लागू झाल्याने नवऱ्याला आधीच्या दोन वर्षांची ४८,००० रुपयांची थकबाकी एकरकमी मिळाली. या जोडप्याला म्हाडाच्या मुंबईतील सोडतीसाठी अर्ज करायचा आहे आणि अर्जातला पहिला निर्णायक प्रश्न उत्पन्न गटाचा आहे.

राज्य सरकारने २०२२ साली उत्पन्न गटांच्या मर्यादा बदलल्या. मुंबई महानगर प्रदेशासाठी वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत असल्यास अत्यल्प, ६ ते ९ लाखांपर्यंत अल्प आणि ९ ते १२ लाखांपर्यंत मध्यम उत्पन्न गट धरला जातो. त्यावरचा उच्च उत्पन्न गट. राज्याच्या लहान शहरांसाठी अत्यल्प गटाची मर्यादा ४.५ लाख आणि अल्प गटाची ७.५ लाख आहे. त्याआधी मुंबईत अत्यल्प गटाची रेघ महिन्याला २५,००० रुपयांवर, म्हणजे वर्षाला ३ लाखांवर होती. मर्यादा एका फटक्यात दुप्पट झाली, ती कुटुंबे अचानक श्रीमंत झाली म्हणून नव्हे. जुन्या मर्यादेत बसणाऱ्या माणसाला त्या गटाच्या घरासाठी बँक कर्ज देत नव्हती, हे त्यामागचे खरे कारण होते, आणि या मुद्द्याकडे पुढे यावेच लागेल.

पहिला प्रश्न असा की या सहा जणांपैकी कोणाचे उत्पन्न मोजायचे? म्हाडाच्या अर्जात विवाहित अर्जदाराचे उत्पन्न म्हणजे त्याचे आणि त्याच्या पत्नीचे मिळून. प्रधानमंत्री आवास योजनेच्या व्याख्येत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले. या दोन्ही व्याख्यांत आईचे निवृत्तिवेतन आणि भावाची कमाई बसत नाही, जरी एकाच चुलीवर सहा जणांचा स्वयंपाक होत असला तरी. वरवर पाहता हे अर्जदाराच्या सोयीचे आहे. पण त्याची दुसरी बाजूही आहे. मोजताना आई बाजूला राहते, तशी ती खर्चातही बाजूला राहते. तिच्या औषधपाण्याचा खर्च नवऱ्याच्या पगारातून होत असला तरी मर्यादा त्यामुळे एका रुपयाने वर सरकत नाही. दोघांच्या संसाराला आणि सहा जणांच्या संसाराला आपल्याकडे एकच ६ लाखांची रेघ आहे. अमेरिकेतील केंद्रीय गृहनिर्माण विभाग चार माणसांच्या कुटुंबाची मर्यादा पाया धरून एकट्या माणसासाठी तिच्या ७० टक्के आणि आठ जणांच्या कुटुंबासाठी १३२ टक्के अशी चढती मर्यादा ठरवतो, आणि त्या त्या भागातील मध्यम कौटुंबिक उत्पन्नाच्या आधारे हे आकडे दरवर्षी नव्याने जाहीर करतो. त्या पद्धतीचे स्वतःचे दोष आहेत, पण माणशी विचार न करण्याचा दोष तरी तिच्यात नाही.

आता प्रत्यक्ष बेरीज. नवऱ्याचा पगार आणि थकबाकी मिळून ४,८०,००० रुपये, बायकोची कमाई १,३८,००० रुपये, एकूण ६,१८,००० रुपये. रेघेच्या वर १८,००० रुपये, म्हणून अल्प उत्पन्न गट. हिशेब इथे संपल्यासारखा वाटतो, पण नवऱ्याने आयकर विवरणपत्र समोर ठेवले की गोंधळ सुरू होतो, कारण त्यात एकाच वर्षाच्या एकाच पगाराचे तीन आकडे आहेत. फॉर्म १६ वर, म्हणजे मालकाने दिलेल्या पगार आणि कराच्या दाखल्यावर, ढोबळ वेतन ४,८०,००० रुपये आहे. त्यातून ५०,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेल्यावर ४,३०,००० रुपये उरतात, आणि विवरणपत्रात एकूण ढोबळ उत्पन्न म्हणून दिसतात ते हे. जुन्या करप्रणालीत भविष्य निर्वाह निधीतील स्वतःच्या वर्गणीचे २१,६०० रुपये कलम ८०सी खाली वजा केले की करपात्र उत्पन्न ४,०८,४०० रुपये होते. बायकोचे १,३८,००० रुपये प्रत्येकात मिळवले तर कुटुंबाचे उत्पन्न अनुक्रमे ६,१८,०००, ५,६८,००० किंवा ५,४६,४०० रुपये ठरते. पहिल्या आकड्याने कुटुंब अल्प गटात जाते, उरलेल्या दोन्हींनी अत्यल्प गटात राहते. प्रमाणित वजावट ही कर आकारण्याची सोय आहे. त्या पन्नास हजारांनी घरातली रोकड कमी होत नाही, वाढतही नाही. करकायद्यातला आकडा गृहनिर्माणाच्या दारात आणला की असे घडते. जाहिरातीसोबतच्या माहिती पुस्तिकेत उत्पन्नाची जी व्याख्या दिलेली असते तीच त्या सोडतीपुरती बंधनकारक असते. ओळखीच्या एखाद्याने मागच्या सोडतीत कोणता आकडा भरला होता, याला अर्थ नाही. व्याख्येत शंकेला जागा उरत असेल तर मोठा आकडा धरून अर्ज करणे हाच सुरक्षित मार्ग, कारण चुकून वरच्या गटात अर्ज केल्याने पात्रतेला सहसा धोका नसतो, चुकून खालच्या गटात केल्याने मात्र नक्की असतो.

थकबाकीचा प्रश्न याहून टोकदार आहे. ती रक्कम आधीच्या दोन वर्षांच्या श्रमाची आहे. महिन्याला २,००० रुपये दराने ती वेळच्या वेळी मिळाली असती तर त्या दोन वर्षांत कुटुंब रेघेच्या खालीच राहिले असते आणि या वर्षीही ५,७०,००० रुपयांवर थांबले असते. आयकर कायदा १९६१ च्या कलम ८९ मध्ये अशा थकबाकीसाठी सवलत आहे आणि त्यासाठी फॉर्म १०ई भरावा लागतो. नवऱ्याच्या सहकाऱ्यांपैकी अनेकांची समजूत अशी की हा फॉर्म भरला की थकबाकी त्या वर्षाच्या उत्पन्नातून निघून जाते. तसे होत नाही. रक्कम ज्या वर्षी हाती पडली त्या वर्षाच्या उत्पन्नातच राहते, फक्त तिच्यावरचा जादा कर मागील वर्षांवर पसरल्यासारखा धरून सवलत दिली जाते. म्हणजे एकरकमी मिळालेल्या थकबाकीने करदात्यावर अन्याय होतो हे आयकर खात्याने ओळखले आहे, तर घराच्या पात्रतेत त्याच अन्यायाची दखल घेणारी तरतूद नाही. माझ्या मते उत्पन्नमर्यादेच्या नियमांत सर्वांत सहज करता येण्याजोगी दुरुस्ती हीच आहे. थकबाकी ज्या वर्षांची आहे त्या वर्षांत ती विभागून मोजावी, किंवा एका वर्षाऐवजी तीन वर्षांची सरासरी धरावी. तहसीलदार कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला तीन वर्षांचा मिळण्याची सोय आधीपासून आहेच.

बायकोच्या कमाईला कागद नाही. तिचे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या खाली असल्याने तिने कधी विवरणपत्र भरलेले नाही. काही गिऱ्हाइके रोख देतात, काही मोबाइलवरून. तिच्यासमोर दोन मार्ग आहेत. पहिला उत्पन्नाच्या दाखल्याचा. हा दाखला आपले सरकार संकेतस्थळावरून किंवा सेतू केंद्रातून अर्ज करून मिळतो, पण त्यात बहुधा संपूर्ण कुटुंबाचे सर्व मार्गांनी मिळणारे उत्पन्न नमूद होते आणि कुटुंब ठरवताना शिधापत्रिका पाहिली जाते. या घराच्या शिधापत्रिकेवर आई आणि भाऊही आहेत. म्हाडाच्या व्याख्येत जे दोघे नाहीत ते दाखल्याच्या वाटेने बेरजेत परत येण्याची शक्यता इथे निर्माण होते, म्हणून अर्ज करतानाच कोणाकोणाचे उत्पन्न दाखवायचे आहे हे स्पष्ट करून घेतले पाहिजे. (शिधापत्रिका केशरी आहे. वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांच्या वर आणि १ लाखापर्यंत असलेल्या कुटुंबाला ती मिळते. मुंबईत दोन कमावत्या माणसांचे घर वर्षाला १ लाखात राहते असे कोणीही मानत नाही, तरीही अशा शिधापत्रिका घरोघरी आहेत आणि त्याच घरांतून लाखांतले उत्पन्न दाखवणारे अर्ज भरले जातात. दोन कागद एकमेकांशेजारी ठेवण्याची वेळ क्वचित येते, इतकेच.)

दुसरा मार्ग विवरणपत्र भरण्याचा. आयकर कायद्याच्या कलम ४४एडी नुसार छोट्या व्यावसायिकाला उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के, नफा गृहीत धरून विवरणपत्र भरता येते. प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर तो दाखवण्याची मुभा आहेच. तिच्याकडे वर्षाला २,४०,००० रुपयांचे काम येत असेल तर ८ टक्क्यांनी तिचा नफा १९,२०० रुपये होतो, आणि कुटुंबाचे ढोबळ उत्पन्न एकदम ४,९९,२०० रुपयांवर येते. अत्यल्प गट, कोणताही वाद नाही. पगारदाराचा प्रत्येक रुपया फॉर्म १६ वर उमटतो, आणि शेजारच्या दुकानदाराचे उत्पन्न मात्र गृहीतकावर उभे राहते, ही तक्रार सोडतीच्या रांगेत नेहमी ऐकू येते आणि ती निराधार नाही. परंतु या जोडप्याने तसे करावे का? नाही, आणि हे सांगताना मी नीतीवर बोलत नाही. प्रत्यक्षातली कमाई माहीत असताना खोटे शपथपत्र दिल्यास घराचे वितरण रद्द होऊ शकते, हा धोका एका बाजूला आहे. दुसरी बाजू बँकेची.

अत्यल्प गटाचे ३० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्राचे घर ३० लाखांचे आणि अल्प गटाचे घर ४५ लाखांचे आहे असे धरू. पहिल्यासाठी कुटुंब ५ लाख स्वतःचे घालेल आणि २५ लाखांचे कर्ज काढेल. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या मुदतीत त्याचा हप्ता महिन्याला सुमारे २१,७०० रुपये येतो. फक्त नवऱ्याचा ३६,००० रुपयांचा पगार मोजला तर हा हप्ता उत्पन्नाच्या ६० टक्के होतो आणि बँक फाइल परत करते. बायकोचे ११,५०० रुपये धरून महिन्याचे उत्पन्न ४७,५०० रुपये झाले तर हप्ता सुमारे ४६ टक्क्यांवर येतो, आणि बँका साधारणपणे उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत असलेल्या हप्त्याचा विचार करतात. म्हणजे गट ठरवताना जे १,३८,००० रुपये अडचणीचे वाटतात, कर्ज मिळवताना तेच आधाराचे आहेत. ते म्हाडाच्या अर्जात लपवले की बँकेच्या अर्जात दाखवता येत नाहीत. या एका गणितामुळे जुन्या ३ लाखांच्या मर्यादेचे अपयशही कळते. महिन्याला २५,००० रुपये मिळवणाऱ्याने २१,७०० रुपयांचा हप्ता भरला तर महिन्याच्या खर्चाला ३,३०० रुपये उरतात. मर्यादेत बसणारा हप्त्यात बसत नव्हता, आणि हप्त्यात बसणारा मर्यादेत. मुंबई महानगर प्रदेशातील आवास योजनेच्या घरांसाठीही केंद्राने २०२३ मध्ये अत्यल्प गटाची मर्यादा ३ लाखांवरून ६ लाखांवर नेण्यास मान्यता दिली, ती याच पेचामुळे.

आता अल्प गटाचे घर पाहू, कारण ६,१८,००० रुपयांचा आकडा धरला तर कुटुंबाला तेच खुले आहे. ७ लाख स्वतःचे घालून ३८ लाखांचे कर्ज काढले तर हप्ता सुमारे ३३,००० रुपये, म्हणजे ४७,५०० रुपयांच्या उत्पन्नाच्या जवळजवळ ७० टक्के. कागदोपत्री पात्र असूनही हे घर या कुटुंबाला घेता येत नाही. एका वर्षी मिळालेल्या १८,००० रुपयांच्या आधिक्याने घराची किंमत १५ लाखांनी वाढते. गटांची रचना उताराची नसून पायऱ्यांची असल्याचा हा थेट परिणाम आहे, आणि अल्प गटात तळाशी असलेले कुटुंब अत्यल्प गटात माथ्याशी असलेल्या कुटुंबापेक्षा वाईट अवस्थेत असते, ही गोष्ट मर्यादा ठरवणाऱ्यांच्या हिशेबात दिसत नाही. प्रत्येक गटात रेघेच्या जरा वर असणाऱ्यांची हीच कोंडी होते. ६ ते ९ लाखांचा अल्प गट एकसंध मानला जातो, पण त्यातले ८,८०,००० रुपयांचे कुटुंब ते घर रडतखडत का होईना घेऊ शकते, ६,१८,००० रुपयांचे नाही.

पायरीचा दुसरा फटका केंद्राच्या व्याज अनुदानात बसतो. १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये ३ लाखांपर्यंत आर्थिकदृष्ट्या दुर्बल, ३ ते ६ लाख अल्प आणि ६ ते ९ लाख मध्यम असे गट आहेत. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल तर पहिल्या ८ लाखांच्या कर्जावर चार टक्के व्याज अनुदान, जास्तीत जास्त १.८० लाख रुपये, पाच वार्षिक हप्त्यांत मिळते. आपले जोडपे, देशात कुठेही पक्के घर नसणे यांसारख्या इतर अटी पूर्ण करत असेल तर, ५,७०,००० रुपयांवर केंद्राच्या दृष्टीने अल्प आणि ६,१८,००० रुपयांवर मध्यम गटात येते. अनुदान दोन्हीकडे सारखेच, त्यामुळे गटाच्या नावाने काही बिघडत नाही. बिघडते ते घराच्या किमतीने. ३० लाखांचे घर अनुदानाच्या कक्षेत आहे, ४५ लाखांचे नाही. ज्याला महाग घर घ्यावे लागते त्याचेच अनुदान जाते. २०१५ च्या मूळ योजनेत दुर्बल घटकाची देशपातळीवरची मर्यादा ३ लाख होती आणि नऊ वर्षांनी आलेल्या नव्या योजनेतही ती ३ लाखच आहे. मधल्या काळातली महागाई विचारात घेतली तर मर्यादा गोठवणे म्हणजे ती दरवर्षी थोडी थोडी खाली आणणेच होय, फक्त त्यासाठी कोणाला शासन निर्णय काढावा लागत नाही.

आणखी एका कागदाचा उल्लेख करतो, कारण तो चुकीच्या जागी जोडला जातो. नवऱ्याकडे शिक्षण-नोकरीतील दहा टक्के आरक्षणासाठी काढलेले आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र आहे. त्याची मर्यादा ८ लाखांची, त्यातले कुटुंब वेगळे, उद्देश वेगळा. घराच्या अत्यल्प गटाशी त्याचा संबंध नाही.

मग या कुटुंबाने करायचे काय? २०२३ मध्ये म्हाडाने नवी संगणकीय प्रणाली आणल्यापासून कागदपत्रांची पडताळणी सोडतीआधीच होते. पूर्वी सोडतीत नाव लागल्यावर उत्पन्नाच्या कागदावरून माणूस अपात्र ठरायचा आणि ते दुःख मोठे असायचे. आता निदान अर्जाच्या वेळीच निकाल कळतो. ढोबळ उत्पन्न धरणारी व्याख्या असेल तर २०२३-२४ च्या आकड्यांवर अत्यल्प गटात अर्ज करू नये. अल्प गटात करता येईल, पण अनामत रक्कम अडकवून न परवडणाऱ्या घराची वाट पाहण्यात फारसा अर्थ नाही. त्यापेक्षा पुढचे वर्ष पाहावे. २०२४-२५ मध्ये थकबाकी नसेल. वार्षिक वाढीने पगार १८,००० रुपयांनी वाढून ४,५०,००० रुपये झाला आणि शिलाईची कमाई तेवढीच राहिली, तर बेरीज ५,८८,००० रुपये होते. कुटुंब अत्यल्प गटात परत येते आणि महिन्याचे उत्पन्न ४९,००० रुपये झाल्याने २१,७०० रुपयांचा हप्ता ४४ टक्क्यांवर येतो, म्हणजे कर्जाची बाजूही भक्कम होते. मात्र त्याच्या पुढच्या वर्षी तेवढीच पगारवाढ झाली की बेरीज ६,०६,००० रुपये होईल आणि मर्यादा तोवर बदलली नसेल तर दार पुन्हा बंद होईल. थोडक्यात, मर्यादा आणि हप्ता या दोन्हींत एकाच वेळी बसण्याची या कुटुंबाची संधी एका आर्थिक वर्षाची आहे, आणि त्या वर्षाच्या उत्पन्नावर निघणाऱ्या सोडतीत घर लागणे न लागणे संगणकाच्या हाती आहे.

तोवर करण्याजोगी कामे आहेत. अधिवास प्रमाणपत्र नव्या नमुन्यातले, बारकोड असलेले काढून ठेवावे. बायकोने २०२४-२५ चे विवरणपत्र प्रत्यक्ष नफा दाखवून भरावे. कर शून्य येईल, पण तिच्या कमाईचा अधिकृत कागद तयार होईल आणि दाखल्याच्या वाटेने आई-भावाचे उत्पन्न बेरजेत येण्याचा प्रश्नच उरणार नाही. गिऱ्हाइकांचे पैसे शक्य तितके तिच्या स्वतःच्या बँक खात्यात यावेत, कारण बँक आयकर विवरणपत्राच्या जोडीला खात्याचा उताराही पाहते आणि सहअर्जदार म्हणून तिचे नाव कर्जाच्या अर्जावर लागणारच आहे.